फिल्टरच्या डब्यावरचं नाव : रॉबर्ट बॉश यांची गोष्ट

बुलढाणा : खामगाव असो, चिखली असो की मेहकर, हंगामाच्या तोंडावर स्पेअर पार्टच्या दुकानात गर्दी असतेच. कोणी जुना ट्रॅक्टर वखरणीला काढायचा म्हणून आलेला, कोणाची जुनी कमांडर जीप चढावर दम टाकते म्हणून आलेला. मागणी एकच, डिझेल फिल्टर. दुकानदार काउंटरवर दोन-तीन डबे मांडतो. एक महाग, एक मधला, एक अगदी स्वस्त. महाग डब्यावर बहुतेक वेळा नाव असतं बॉश. जुनी माणसं त्याला अजूनही मायको म्हणतात. गंमत म्हणजे स्वस्त डब्यावरही कधीकधी तेच नाव असतं. फक्त रंग जरा फिका आणि छपाई जरा पुसट.

घेणारा विचारात पडतो. गाडी वीस-पंचवीस वर्षांची. तिला महागाचं फिल्टर कशाला, असं मन म्हणतं. पण पंप बिघडला तर हजारोंचा फटका, हेही त्याला माहीत असतं.

डब्यावरचं हे नाव एका माणसाचं आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. तो माणूस जर्मनीतल्या एका खेड्यात जन्मला, शेती असलेल्या घरात वाढला आणि १९४२ मध्ये वारला. त्याच्या धंद्याला ज्या मालाने खरा हात दिला, तो मुळात दुसऱ्या कंपनीचा पार्ट पाहून बनवलेला होता. तरीही त्याला कोणी डुप्लिकेटवाला म्हटलं नाही. ते का, हे समजलं तर काउंटरवरचा निर्णयही सोपा होतो.

बारा भावंडांतला अकरावा

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावात झाला. बारा भावंडांत त्यांचा नंबर अकरावा. वडिलांची खानावळ होती, सोबत शेती होती. मालगाड्या हाकणारे गाडीवान तिथे मुक्काम करत. घर खाऊनपिऊन सुखी होतं आणि वडील शिकलेसवरलेले होते. रॉबर्ट लहान असतानाच कुटुंब उल्मला राहायला गेलं.

शाळेत पोराचं मन फारसं रमलं नाही. झाडंझुडपं, पाखरं यांची आवड मोठी. पण वडिलांनी हाताचं काम शिकायला घातलं. उल्ममधल्या एका कारागिराकडे नाजूक यंत्रं बनवण्याच्या कामावर रॉबर्ट तीन वर्षं उमेदवारीला होता. तिथे मालकाचं शिकवण्याकडे लक्षच नव्हतं. पोरांनी आपलं बघून बघून शिकावं, अशी तऱ्हा. ही सल रॉबर्टच्या मनात कायम राहिली. पुढे स्वतःचा कारखाना मोठा झाल्यावर १९१३ मध्ये त्यांनी शिकाऊ मुलांसाठी वेगळा विभाग काढला. आपल्या वाट्याला आलं ते दुसऱ्या पोरांच्या वाट्याला येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

उमेदवारी संपल्यावर सात वर्षं त्यांनी वेगवेगळ्या कारखान्यांत काम केलं. १८८४ मध्ये अमेरिका गाठली. विजेच्या दिव्यांमुळे जगभर नाव झालेल्या एडिसन यांच्या कारखान्यात न्यूयॉर्कला काम केलं. पुढे इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यात हात साफ केला. विजेचं काम तेव्हा नवीन होतं. जो शिकेल त्याला पुढे वाव होता.

दोन माणसांचं वर्कशॉप

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्ट शहरात एका घराच्या मागच्या बाजूला रॉबर्ट बॉश यांनी स्वतःचं वर्कशॉप सुरू केलं. वय पंचवीस. भांडवल वडिलांच्या पश्चात वाट्याला आलेलं, दहा हजार मार्क. सोबत एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा. टेलिफोन बसवणे, विजेची घंटी लावणे, बारीकसारीक यंत्रं दुरुस्त करणे, जे येईल ते काम घ्यायचं.

सुरुवातीची वर्षं ओढगस्तीची गेली. कधी काम भरपूर, कधी हातावर हात. १८९० च्या सुमारास त्यांनी सायकल घेतली आणि गिऱ्हाइकांकडे सायकलवर जाऊन माणसांचं काम स्वतः तपासायला लागले. मंदी आली तेव्हा कामगार कमी करावे लागले, कर्ज काढावं लागलं, घरच्यांनी हात दिला म्हणून दुकान टिकलं. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. केलेलं काम तपासल्याशिवाय बाहेर जायचं नाही. पैसा गेला तर परत येईल, गिऱ्हाइकाचा भरवसा गेला तर येत नाही, अशी त्यांची पक्की धारणा होती.

पार्ट दुसऱ्याचा, पण चोरीचा नव्हे

१८८७ मध्ये एका यंत्रवाल्याने त्यांच्याकडे एक काम आणलं. गॅसवर चालणाऱ्या इंजिनाला ठिणगी पाडणारा मॅग्नेटो हवा होता. राजदूत चालवलेल्यांना मॅग्नेट माहीत आहे. चुंबक आणि तारेची गुंडाळी यांच्या जोरावर बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र. असा पार्ट तेव्हा डॉइट्झ या मोठ्या इंजिन कंपनीच्या यंत्रावर होता.

बॉश यांनी तो नीट पाहिला. त्यावर पेटंट नाही, हेही समजून घेतलं. मग त्यांनी तसाच पार्ट बनवला, पण जसाच्या तसा नाही. त्यात सुधारणा केली, तपासला आणि स्वतःच्या नावाने विकला. गिऱ्हाइकाला चालणारा पार्ट मिळाला. एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी मागणी आली. पुढच्या काही वर्षांत मॅग्नेटो हाच बॉश यांचा मुख्य धंदा झाला.

म्हणजे आज ज्यांच्या नावाची नक्कल होते, त्यांचा धंदा उभा राहिला तोच बदली पार्टवर. फरक एवढाच की त्यांनी डॉइट्झचं नाव छापलं नाही. चुकलं तर शिव्या आपल्याला बसतील, हे मान्य करून आपलं नाव घातलं.

१८९७ मध्ये हा मॅग्नेटो त्यांनी प्रथमच एका तीनचाकी मोटार गाडीला बसवून दाखवला. गाडीचं इंजिन शेतातल्या किंवा कारखान्यातल्या इंजिनापेक्षा फार वेगाने फिरायचं, त्यामुळे जुना मॅग्नेटो तिथे चालत नव्हता. बॉश यांच्या कारखान्याने ती अडचण सोडवली. १९०२ मध्ये त्यांचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी जास्त दाबाच्या विजेवर चालणारा मॅग्नेटो आणि त्यासोबतचा स्पार्क प्लग तयार केला. मोटारधंदा जोरात वाढत होता आणि बॉश यांचा माल देशोदेशी जाऊ लागला.

आठ तासांची पाळी

पैसा आला तरी बॉश यांनी कामगाराला पिळलं नाही. १९०६ मध्ये त्यांनी कारखान्यात आठ तासांची पाळी लागू केली. जर्मनीत तेव्हा दहा-दहा तास काम चालायचं. मजुरीही इतरांपेक्षा बरी. बाकीचे कारखानदार चिडले, त्यांना लाल बॉश म्हणू लागले. बॉश यांचा हिशेब वेगळा होता. थकलेल्या माणसाच्या हातून बारीक काम बिघडतं आणि बिघडलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या दारी गेला की धंद्याला बट्टा लागतो.

तरी १९१३ मध्ये त्यांच्याही कारखान्यात मोठा संप झाला. चांगला मालक असला म्हणून तंटे होतच नाहीत असं नाही. या संपाने ते बरेच दुखावले गेले होते.

पहिल्या महायुद्धात कारखान्याला लष्करी कामातून मोठा नफा झाला. लढाईवर कमावलेला पैसा बॉश यांना पचत नव्हता. त्यातली फार मोठी रक्कम त्यांनी लोकोपयोगी कामांसाठी देऊन टाकली.

नावासाठी भांडण

याच युद्धाने त्यांना दुसरा धडा दिला. अमेरिकेत त्यांचा मोठा कारखाना होता. अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि तिथल्या सरकारने तो जप्त करून विकून टाकला. युद्ध संपल्यावर चमत्कारिक स्थिती झाली. अमेरिकेच्या बाजारात बॉश नावाचा माल होता, पण त्याच्याशी बॉश यांचा काही संबंध उरला नव्हता. त्यांना तिथे दुसरी कंपनी काढावी लागली आणि नावावरून कित्येक वर्षं तंटा चालला.

१९१८ मध्ये होनोल्ड यांनी कंपनीची खूण तयार केली. गोलाच्या आत मॅग्नेटोच्या आतला फिरणारा भाग. आज फिल्टरच्या डब्यावर जी गोल खूण दिसते ती हीच. शंभर वर्षांहून जुनी.

डिझेलचा पंप आला आणि फिल्टरला मोल आलं

आता मुद्दा डिझेलचा. डिझेल इंजिन शोधलं रुडॉल्फ डिझेल यांनी. १८९७ मध्ये त्यांचं इंजिन जर्मनीत यशस्वीपणे चाललं. पण त्या इंजिनात तेल आत फवारायला दाबाची हवा लागायची आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. इंजिन धूड होतं. कारखान्यात, जहाजात ठीक, गाडीवर बसवणं कठीण. रुडॉल्फ डिझेल १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना जहाजावरून बेपत्ता झाले. आपलं इंजिन शेतात आणि रस्त्यावर धावताना पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

ती कसर बॉश यांनी भरून काढली. १९२२ च्या अखेरीस त्यांनी ठरवलं की डिझेल फवारणारा पंप बनवायचा. वय साठीच्या पुढे. आदल्याच वर्षी एकुलता मुलगा दीर्घ आजाराने गेला होता. १९२३ मध्ये होनोल्डही गेले. दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. बॉश यांच्या माणसांनी पाच वर्षं खटपट केली. नमुने केले, मोडले, पुन्हा केले. १९२६ मध्ये मोटारधंद्यात मंदी आली, कारखान्यातली माणसं कमी करावी लागली, तरी पंपाचं काम थांबवलं नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये पंपाचं नियमित उत्पादन सुरू झालं. आधी ट्रकला, मग ट्रॅक्टरला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजच्या मोटारीला हा पंप बसला.

पंपाचं कसब कशात आहे, तर एका बारीक दांडीत. तिला आपले मिस्त्री प्लंजर म्हणतात. ती एका नळीत खाली-वर होते आणि प्रत्येक वेळी मोजून काही थेंब डिझेल नोझलकडे ढकलते. दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट. एवढ्या दाबाला डिझेल बाजूने निसटू नये म्हणून दांडी आणि नळी यांच्यातली फट एका मिलिमीटरच्या हजार भागांतले दोन-तीन भाग एवढीच असते. डोक्याचा केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड.

आता विचार करा. उन्हाळ्यात पांदणीने ट्रॅक्टर गेला की काळ्या मातीची धूळ कशी उडते. तीच धूळ कॅनच्या तोंडावर बसते, नरसाळ्यातून टाकीत उतरते. पावसाळ्यात बॅरलच्या तळाला पाणी साचतं. यातला एखादा बारीक कण त्या फटीत गेला की प्लंजरला ओरखडा पडतो. पाणी गेलं की गंज. या पंपाला वंगणही डिझेलचंच असतं, त्यामुळे घाण डिझेल त्याला दोन्हीकडून मारतं. मग सकाळी गाडी उशिरा चालू होते, काळा धूर ओकते, ओझ्याला मागे ओढते, डिझेल जास्त पिते. फिल्टरचं मोल आहे ते यासाठी. तो वीस वर्षांच्या गाडीसाठी नाही, तर केसाहून बारीक फटीसाठी घ्यायचा असतो. आणि गाडी जुनी झाली म्हणून ती फट घाण सोसायला लागत नाही.

मालक शेतावरही होता

बॉश यांचं एक अंग फारसं बोललं जात नाही. त्यांना शेतीचं वेड होतं. १९१२ पासून त्यांनी बव्हेरिया भागात दलदलीची पडीक जमीन घ्यायला सुरुवात केली. आधी तिथली वाळवलेली दलदल जळणासाठी काढायचा बेत होता, तो जमला नाही. मग त्यांनी पाणी काढून जमीन लागवडीखाली आणली, जनावरं ठेवली, हिरवा चारा साठवून मुरघास करण्याचे प्रयोग केले. ही शेती नफ्यात यावी म्हणून त्यांनी बराच पैसा आणि बरीच वर्षं घातली. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं, पण शेतीत हंगाम चुकला की वर्ष जातं, हा अनुभव त्यांनीही घेतला.

काळा काळ आणि शेवट

म्हातारपणी हिटलरची राजवट आली. बॉश यांना ती पटणारी नव्हती. छळ होणाऱ्या ज्यू लोकांना त्यांनी मदत केली. हिटलरविरोधी गटातले कार्ल गोएर्डेलर यांना कंपनीत सल्लागार म्हणून आसरा दिला. पण त्याच वेळी त्यांचे कारखाने हिटलरच्या लष्करासाठी माल बनवत होते आणि युद्धाच्या काळात तिथे सक्तीने आणलेले मजूरही राबवले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना एक बाजू झाकली तर ते चरित्र राहत नाही.

१९४० मध्ये त्यांनी दिलेल्या पैशातून स्टुटगार्टमध्ये दवाखाना उभा राहिला. १२ मार्च १९४२ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी ते वारले. धंद्याची कमाई समाजाच्या कामी यावी, अशी तजवीज त्यांनी करून ठेवली होती. १९६४ मध्ये कंपनीचा बहुतेक सगळा हिस्सा धर्मादाय संस्थेकडे गेला. आजही तो तिच्याकडेच आहे.

भारतात हे नाव त्यांच्या हयातीतच आलं होतं. १९२२ मध्ये कोलकात्यात बॉशच्या मालाची एजन्सी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. तीच मायको. पुढे नाशिकलाही तिचा कारखाना झाला, तिथे नोझल बनू लागले. २००८ मध्ये मायकोचं नाव बदलून बॉश झालं, पण गावोगावच्या मिस्त्र्यांच्या तोंडी मायको हेच राहिलं.

पुन्हा काउंटरवर

तर आता काउंटरवरच्या त्या तीन डब्यांकडे वळू. बॉश यांच्या आयुष्यातून निघणारा हिशेब साधा आहे. दुसऱ्याचा पार्ट पाहून बदली पार्ट बनवणं वाईट नाही. स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता घालून, तपासून विकलेला बदली पार्ट स्वस्त असला तरी बिनधास्त घ्यावा. दुसऱ्याचं नाव चोरून विकलेला पार्ट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण तो बिघडला तर जबाबदारी घ्यायला कोणीच नसतं.

म्हणून सगळ्यात महाग डबाच घ्यावा असं नाही. ट्रॅक्टर कंपन्या फिल्टर बहुतेक वेळा बाहेरच्या फिल्टर कंपन्यांकडून बनवून घेतात. त्याच फिल्टर कंपन्या तोच नमुना स्वतःच्या डब्यात विकतात आणि तो पुष्कळदा स्वस्त पडतो. जुन्या गाडीचं फिल्टर दुकानात मिळत नाही असं वाटलं तर जुनं फिल्टर सोबत न्यावं, त्यावरचा पार्ट नंबर दाखवावा. जुन्या ट्रॅक्टर-जीपचे बरेच फिल्टर एकाच मापाचे असतात. एका गाडीच्या नावाने नाही मिळालं तर नंबरने मिळतं.

डबा हातात घेतला की बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, छापील किंमत बघावी. झाकण उघडून कागदाच्या घड्या एकसारख्या आहेत का, चिकटवलेली कड कुठे सुटली आहे का, रबरी रिंग सोबत आहे का, हे पाहावं. पक्कं बिल मागावं. बिल द्यायला टाळाटाळ झाली तर तो डबा परत ठेवावा.

जुन्या ट्रॅक्टरला बहुधा दोन फिल्टर असतात, पहिलं कापडी आणि दुसरं कागदी. दोन्ही पुस्तकात दिलेल्या तासांप्रमाणे बदलावीत. कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुवून किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून परत बसवू नये. कागद आतून फाटतो आणि वरून मात्र स्वच्छ दिसतो. खालच्या बोल्टातून साचलेलं पाणी अधूनमधून काढावं. नवीन फिल्टर बसवताना नवीन रबरी रिंग टाकावी आणि हातपंप मारून लाइनमधली हवा काढावी. कॅनमधलं डिझेल टाकीत ओतताना नरसाळ्यात बारीक जाळी ठेवावी. या जाळीला खर्च जवळपास नाही, पण फिल्टरचं ओझं ती हलकं करते.

फिल्टरची जोडी काहीशे रुपयांत येते. पंप आणि नोझलचं काम निघालं तर हजारांत जातं, आणि ते निघतं नेमकं पेरणीच्या आठवड्यात. वाफसा ट्रॅक्टरची वाट पाहत नाही.

स्टुटगार्टच्या त्या दोन माणसांच्या वर्कशॉपमध्ये पहिला मॅग्नेटो बनला तेव्हा बॉश हे नाव कोणाला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकाने तो पार्ट घेतला तो नावाकडे पाहून नाही, चालतो हे पाहून. नाव मागून आलं. आज खोटे डबे छापणारे उलटं करतात. आधी नाव छापतात आणि आत काय आहे ते पंप खराब झाल्यावर कळतं. म्हणून डब्यावरचं नाव वाचताना त्याच्या खालचा पत्ताही वाचावा. ज्याला आपला पत्ता छापायची लाज वाटत नाही, त्याचाच माल टाकीखाली बसवावा.